नोकरीची मुलाखत

नोकरी देणारा आणि मागणारा यांनी समोरासमोर बसून, निवडीच्या हेतूने केलेला संवाद. प्रसंगावधान, समतोल निर्णयशक्ती, बोलण्यातील स्पष्टता, सचोटी हे गुण लेखी उत्तरपत्रिकेतून पुरते कळत नाहीत. ते या संवादातून अजमावावेत, अशी त्यामागची अपेक्षा असते. वृत्तपत्रीय व संशोधनपर मुलाखतींचा विचार येथे केलेला नाही. लोकसेवा आयोगांच्या मुलाखतींविषयीचे नियम, गुण व न्यायनिर्णय छापील स्वरूपात उपलब्ध असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यांवर आधारलेले आहे.

शब्द व अर्थ : ‘मुलाखत’ हा शब्द अरबी ‘मुलाक़ात’ म्हणजे भेट यावरून फार्सीच्या वाटेने मराठीत आला. ‘वक़्त’चे जसे ‘वखत’ झाले, तसाच येथेही मूळ ‘क़’चा ‘ख’ झाला. मराठेकालीन पत्रव्यवहारात मुलाखत म्हणजे सरदार, वकील किंवा राजे यांची रीतसर भेट. पुढे हा अर्थ ‘भेट’ या शब्दाकडे राहिला आणि मुलाखत प्रश्नोत्तरांपुरती उरली. गुजरातीत ‘मुलाकात’ अजून दोन्ही अर्थांनी चालते. हिंदीत नोकरीच्या मुलाखतीला ‘साक्षात्कार’ म्हणतात. मराठीत संतपरंपरेमुळे त्या शब्दाला आत्मानुभवाचा अर्थ इतका घट्ट चिकटलेला आहे, की तो कचेरीत आणणे कोणाला सुचले नाही. संघ लोकसेवा आयोग आपल्या मुलाखतीला ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ म्हणतो; उमेदवारांच्या तोंडी मात्र ‘इंटरव्ह्यू’ हाच शब्द असतो.

पूर्वपीठिका : मुलाखतीचे मूळ कोठे शोधावे, याबद्दल एकमत नाही. काही लेखक ते कौटिलीय अर्थशास्त्रातील ‘उपधा’ प्रकरणात (अधिकरण १, अध्याय १०) पाहतात. धर्म, अर्थ, काम आणि भय यांची आमिषे किंवा धाक दाखवून अमात्यांची निष्ठा तपासण्याचे चार मार्ग तेथे सांगितले आहेत. परंतु उपधा ही गुप्तपणे रचलेली कसोटी आहे. आपली परीक्षा चालू आहे हे ज्याची परीक्षा होते त्याला ठाऊक नसते. मुलाखतीत ते दोन्ही पक्षांना ठाऊक असते. म्हणून त्याआधीचा नववा अध्याय अधिक जवळचा वाटतो. उमेदवाराचा देश व पूर्ववृत्त विश्वासू माणसांकडून जाणून घ्यावे, त्याचे शास्त्रज्ञान त्याच विद्येच्या जाणकारांकडून तपासून घ्यावे, काम हाती घेताना त्याची बुद्धी व दक्षता पाहावी, संकटात उत्साह व सहनशक्ती पाहावी, आणि संभाषणात वाग्मित्व, प्रागल्भ्य व प्रतिभानवत्त्व, म्हणजे वक्तृत्व, धीटपणा व हजरजबाबीपणा, हे गुण अजमावावेत, असे तेथे म्हटले आहे. एका कसोटीवर सगळा भार न टाकता प्रत्येक गुणासाठी वेगळी कसोटी नेमण्याचा हा विचार आजच्या निवडशास्त्राच्याही पुढे दोन पावले आहे असे वाटावे, इतका नेमका आहे. ग्रंथाच्या काळाविषयी तीव्र मतभेद आहेत. र. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये तो प्रसिद्ध केल्यावर इ. स. पू. चौथे शतक हा परंपरागत काळ बहुतेकांनी मानला. मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले यांचा कलही तिकडेच होता. अलीकडील अभ्यासक आजचे संकलन इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील असावे असे मानतात. नवव्या अध्यायापुरता दुसरा पक्ष स्वीकारला, तरी हा उल्लेख पुरेसा प्राचीन ठरतो.

चीनमध्ये थांग राजवटीत (६१८–९०७) लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना नेमणुकीपूर्वी शरीर, वाणी, अक्षर आणि निर्णय अशा चार कसोट्यांतून जावे लागे. त्यांपैकी पहिल्या दोन प्रत्यक्ष समोर बसूनच पाहाव्या लागत.

मुलकी सेवेतील प्रवेश : ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील भरती वशिल्याऐवजी स्पर्धेतून व्हावी, असे मेकॉले समितीने १८५४ मध्ये सुचविले आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुली परीक्षा सुरू झाली. परीक्षेबाहेरच्या अटीही कडक होत्या. अरविंद घोष १८९० च्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, परंतु घोडेस्वारीची कसोटी त्यांनी दिली नाही आणि त्यांची निवड रद्द झाली. ब्रिटनच्या सेवापरीक्षांसाठी नेमलेल्या लीदेस समितीने १९१७ मध्ये तोंडी चाचणीची शिफारस केली. तिचा भर विषयज्ञानापेक्षा उमेदवाराची चौकसबुद्धी व विचारांचा पल्ला यांवर होता. आजच्या व्यक्तिमत्त्व चाचणीची वंशरेषा येथवर नेण्यास हरकत नसावी. भारतातील लोकसेवा आयोग १ ऑक्टोबर १९२६ रोजी अस्तित्वात आला. १९३७ मध्ये त्याचा फेडरल आयोग व २६ जानेवारी १९५० रोजी संघ लोकसेवा आयोग झाला. राज्यांच्या आयोगांना संविधानाच्या ३१५ व्या अनुच्छेदाचा आधार आहे.

गुणांचा वाटा : संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत दौलतसिंग कोठारी समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून पूर्व, मुख्य व मुलाखत अशी त्रिस्तरीय पद्धत आली. मुख्य परीक्षेचे १,८०० व मुलाखतीचे २५० गुण धरले, म्हणजे एकूण २,०५० पैकी मुलाखतीचा वाटा सुमारे १२.२ टक्के. सतीशचंद्र समितीनंतर, १९९३ पासून, २०० गुणांचा निबंध आला व मुलाखत ३०० गुणांची झाली (२,३०० पैकी १३ टक्के). अरुण निगवेकर समितीच्या अहवालानंतर २०१३ पासून मुख्य परीक्षा १,७५० व मुलाखत २७५ गुणांची आहे (२,०२५ पैकी १३.६ टक्के). महाराष्ट्राच्या राज्यसेवा परीक्षेत दीर्घकाळ मुख्य परीक्षेला ८०० व मुलाखतीला १०० गुण होते, म्हणजे ११.१ टक्के. या परीक्षेत वर्णनात्मक, म्हणजे विस्तृत लेखी उत्तरांची, पद्धत २०२३ पासून येणार होती. उमेदवारांच्या पुण्यातील आंदोलनानंतर ती २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि तिच्यासोबत १,७५० अधिक २७५ ही केंद्राची मांडणीही आली.

हे आकडे रुक्ष वाटतील, पण मुलाखतीचा न्याय अन्याय या टक्क्यांतच दडलेला असतो. अजय हसिया खटल्यात (१९८१) श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने प्रवेशासाठी १५० पैकी ५० गुण मुलाखतीला ठेवले होते आणि प्रत्येकाला जेमतेम दोनतीन मिनिटे दिली होती. तोंडी चाचणीचा वाटा १५ टक्क्यांहून अधिक नसावा आणि शक्यतो ती ध्वनिमुद्रित करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. लीलाधर खटल्यात (१९८१) राजस्थानातील मुन्सिफांच्या, म्हणजे कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशांच्या, भरतीसाठीचा २५ टक्के वाटा न्यायालयाने मान्य केला. महाविद्यालयीन प्रवेश घेणाऱ्या मुलांचे व्यक्तिमत्त्व अजून घडायचे असते, सेवेत येणाऱ्या प्रौढांचे घडलेले असते, हा त्यामागचा तर्क. अशोककुमार यादव खटल्यात (१९८५) हरियाणाच्या सेवाभरतीतील २२.२ टक्के आणि माजी सैनिकांसाठीचा ३३.३ टक्के हे दोन्ही वाटे अवाजवी ठरले. सर्वसाधारण उमेदवारांसाठी न्यायालयाने १२.२ टक्के हे प्रमाण सुचविले, ते वर सांगितलेल्या २५० भागिले २,०५० यावरून आले आहे. जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवारांनाच मुलाखतीस बोलवावे, हेही त्याच निकालात आहे. लीलाधर निकालातील तर्क आकर्षक असला, तरी यादव निकालाचा हात आखडता ठेवण्याचा मार्ग अधिक सुरक्षित म्हणावा लागेल. ज्याचे कोणी नाही त्या उमेदवाराला खरे संरक्षण त्यानेच मिळते. निवड सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत, हे के. मंजुश्री खटल्यात (२००८) ठरले आणि २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. केंद्र सरकारच्या ‘क’ गटातील व ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखत घेतली जात नाही.

विश्वासार्हता : मुलाखतीवरून माणूस खरोखर ओळखता येतो का, हा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे. वॉल्टर डिल स्कॉट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास दाखवून दिले, की अनुभवी व्यवस्थापक त्याच विक्रेत्यांना अगदी वेगवेगळे क्रम देतात. मुलाखतीतील गुण आणि नंतरची कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) श्मिट व हंटर यांनी १९९८ मध्ये ठरावीक प्रश्नांच्या, बांधीव मुलाखतीसाठी ०.५१ व मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीसाठी ०.३८ असा मांडला. सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सांख्यिकीय दुरुस्त्या तपासून हेच आकडे ०.४२ व ०.१९ असे खाली आणले. दुसरे गणित अधिक काटेकोर दिसते. तरीही त्यांच्या यादीत बांधीव मुलाखतच पहिली आली, ही बाब महत्त्वाची. सर्वांना तेच प्रश्न, उत्तरांसाठी आधी ठरवलेली मोजपट्टी आणि परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता दिलेले गुण, एवढ्यानेच हा फरक पडतो. मोकळ्या मुलाखतीत नापसंत झालेल्या माणसाच्या योग्यतेविषयी त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, हे ०.१९ पाहून स्वच्छ सांगता येते.

तयारी : आयोगाच्या मुलाखतीचा पाया उमेदवाराने स्वतः भरलेला सविस्तर अर्ज असतो. जन्मगाव, पदवीचा विषय, छंद, आधीची नोकरी, शिक्षणातील खंड यांतील प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. भंडारा जिल्ह्यातील उमेदवाराला वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प विचारला, तर १९८८ च्या पायाभरणीपासून विस्थापितांच्या पुनर्वसनापर्यंत बोलता आले पाहिजे. रत्नागिरीच्या उमेदवाराला हापूसच्या भौगोलिक मानांकनाविषयी (२०१८) विचारले, तर ते एकट्या रत्नागिरीचे नसून कोकणातील पाच जिल्ह्यांचे आहे, एवढे ठाऊक हवे. वडिलांचा व्यवसाय ‘शेती’ लिहिणाऱ्याला कपाशीचा एकरी खर्च व हमीभाव यांचा मेळ सांगता येत नसेल, तर अर्जातला तो शब्द त्याच्यावरच उलटतो. ‘वाचन’ हा छंद लिहिला, की शेवटचे वाचलेले पुस्तक ओघानेच विचारले जाते. म्हणून अर्ज भरणे हीच तयारीची पहिली व सर्वांत महत्त्वाची पायरी मानावी. जे खरे आहे तेवढेच लिहावे.

सरावासाठी घेतल्या जाणाऱ्या मुलाखतीस ‘अभिरूप मुलाखत’ म्हणतात. पुण्यातील यशदा व मुंबईतील राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था येथे त्या होतात. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांमध्ये उमेदवार आपसांतही पॅनल बसवतात. दोनचार अभिरूप मुलाखतींनी बसण्याबोलण्यातील उणिवा कळतात. त्यापुढे उत्तरे पढवलेली वाटू लागतात आणि मंडळाला ते लगेच जाणवते.

भाषेचा मुद्दा स्वतंत्र आहे. मुख्य परीक्षा मराठीतून दिलेला उमेदवार मुलाखतही मराठीतून देऊ शकतो. मंडळातील सदस्य इतर राज्यांतील असल्यास दुभाषा असतो. अशा वेळी उमेदवाराचे नव्हे, तर दुभाष्याचे वाक्य त्यांच्या कानी पडते. म्हणून वाक्ये आटोपशीर असावीत, मध्ये क्षणभर थांबावे आणि म्हणी व शब्दचमत्कृती टाळाव्यात. मराठीतून मुलाखत देणे कमीपणाचे, हा समज अनेक गुणी मुलांना विनाकारण मोडक्या इंग्रजीकडे ढकलतो. त्यापेक्षा विचार ज्या भाषेत येतो त्याच भाषेत बोलावे.

मुलाखतीच्या खोलीत : ही उलटतपासणी नसून स्वाभाविक, परंतु दिशा व हेतू असलेले संभाषण आहे, असे संघ लोकसेवा आयोगाची अधिसूचनाच सांगते. दिल्लीच्या धोलपूर हाउसमध्ये ते साधारण अर्धा तास चालते. माहीत नसलेल्या गोष्टीला ‘सर, याची माहिती मला नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. अंदाज बांधल्यास पुढचा प्रश्न त्या अंदाजावरच येतो. वादाच्या विषयावर दोन्ही बाजू मांडाव्यात, पण तेथेच थांबू नये. शेवटी निर्णय काय घ्याल हे सांगावे, कारण अधिकाऱ्याला तो घ्यावाच लागतो. मंडळाने उलट मत मांडले, तर नव्या मुद्द्यामुळे मत बदलणे शोभते, केवळ दडपणामुळे बदलणे शोभत नाही. अनुभवाविषयीच्या प्रश्नाला प्रसंग, आपली जबाबदारी, आपण केलेली कृती व परिणाम या क्रमाने उत्तर द्यावे. ‘आम्ही केले’ यात स्वतः काय केले हे हरवू देऊ नये.

इतर क्षेत्रे : सैन्यदलाच्या निवड मंडळांत मुलाखत हा पाच दिवसांच्या चाचण्यांचा एक भाग असतो, मानसशास्त्रीय कसोट्या व मैदानावरील गटकार्य यांनाही तेथे महत्त्व असते. खाजगी कंपन्यांत तांत्रिक फेरी, गटचर्चा, मनुष्यबळ विभागाची फेरी असा क्रम रूढ आहे. तेथे पगाराची बोलणी बहुधा अखेरीस होतात. गर्भधारणा व मासिक पाळी यांविषयी एका सार्वजनिक महामंडळाने अर्जात विचारलेली माहिती सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये काढून टाकायला लावली. तोंडी विचारलेल्या अशाच प्रश्नांनाही नम्रपणे नकार देता येतो. कामगारवर्गाच्या भरतीत मुलाखत उशिरा आली. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणूस कामावर घेणे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होते आणि स्त्री-कामगारांच्या बाबतीत नायकिणींच्या, म्हणजे स्त्री-मुकादमांच्या. गाव, नाते आणि दस्तुरी (मुकादमाला द्यावे लागणारे पैसे) यांवर काम मिळे. रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली आणि १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली, तरी जॉबरचा शब्द त्यानंतरही बराच काळ चालत राहिला.