एसी चालू-बंद, जिवाणू गायब

“मायक्रोस्कोपची खोली ना? दोन टनाचा एसी ठोका, काम झालं!” सर्वांनी मिळून वापरायच्या मायक्रोस्कोप-कक्षाचा आराखडा ठरताना हे इतक्यांदा ऐकलंय, की आता बैठकीला मी आकडे घेऊनच जातो.

मायक्रोस्कोपच्या सांगाड्यातलं अ‍ॅल्युमिनियम तापमान एका अंशाने चढलं, की मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं. म्हणजे सांगाड्यातला १० सेंटीमीटरचा भाग २.३ मायक्रोमीटर लांबतो. ई. कोलाय जिवाणूच मुळात साधारण २ मायक्रोमीटर लांब! शंभर पटीच्या, तेल लावून वापरायच्या भिंगातून एका वेळी स्पष्ट दिसणारा थर तर जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरचा. तेव्हा पाव अंशाचा फरकही फोकस घालवू शकतो. सगळं एकदम आणि सारखं वाढलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण पातळ पट्टी लगेच तापते, जड बैठक तासाभराने, पितळी भिंगनळीची चाल आणखी निराळी. त्यात साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो आणि खोली एक-दोन अंशांत झुलते. एकदा रात्रभराच्या चित्रणात पेशी ठरावीक वेळाने वरखाली होताना दिसल्या. विद्यार्थी हरखला. शोध कॉम्प्रेसरचा निघाला.

सामायिक खोलीत माणसं येत-जात राहतात आणि बसलेला प्रत्येक जण साधारण १०० वॉटचा हीटर असतो. म्हणून उष्णता सोडणारे लेझरचे वीजपुरवठे आणि संगणक तरी शेजारच्या खोलीत हलवावेत, हवा कापडी डक्टमधून (हवेच्या नळातून) झिरपत यावी, झोत यंत्रावर नको.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात दुसरंच दुखणं. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. रात्री वीज वाचवायला एसी बंद केला, की दमट हवा आत शिरते आणि अजून गारच असलेल्या भिंगाला फ्रिजमधल्या तांब्यासारखा घाम फुटतो. मग बुरशी, आणि तिची आम्लं भिंगावरचा लेप खातात. (खंडेनवमीला हळद-कुंकू आणि उदबत्तीचा धूर भिंगापासून दूर ठेवा, यंत्राची पूजा म्हणजे वर्षभर घातलेलं धूळझाकण.)

एसी चालू ठेवूनही भागत नाही: कॉम्प्रेसर तापमान गाठून थांबला, पण एसीचा पंखा फिरत राहिला, तर कॉइलवर (आतल्या गार नळ्यांवर) जमलेलं पाणी पुन्हा हवेत जातं. उपाय विचित्र वाटेल: हवा आधी १२ अंशांपर्यंत गार करून पाणी गाळायचं, मग तीच तापवून २२ अंशांवर आत सोडायची. चोवीस तास. इथे हिशेबनीस हमखास चष्मा काढतात.