नव्याने बांधलेल्या इंजिनात पहिलं ऑइल कोणतं भरायचं?

इंजिन ताब्यात घेताना बहुतेक ग्राहक विचारतात, "सगळ्यात भारी ऑइल कोणतं? तेच भरून टाकू." इंजिनावर एवढा खर्च केल्यावर असं वाटणारच. पण महागडं सिंथेटिक ऑइल पहिल्या दिवशी भरू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसल्या की खुशाल भरा. आधी का नको, ते नीट सांगतो.

रिंगा बसतात म्हणजे काय होतं

होनिंग केलेल्या, म्हणजे आतून घासून बारीक रेघा पाडलेल्या, सिलिंडरमध्ये बोट फिरवून पाहिलंत तर बारीक खरखर लागेल. उजेडात धरलं की तिरक्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतात. या रेघांच्या खाचांत ऑइल टिकून राहतं. खाचांच्या मधले उंचवटे मात्र झिजण्यासाठीच ठेवलेले असतात. नवी रिंग बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, सगळीकडून सारखी टेकत नाही. उंचवटे थोडे झिजतात, रिंगेची कडही थोडी झिजते आणि मग दोघांचं जमतं. ही झीज आपल्याला हवी आहे आणि ती बहुतेक सगळी पहिल्या काही तासांतच होते.

त्या वेळी घर्षण कमी करणारी जास्तीची रसायनं घातलेलं ऑइल आत असेल, तर उंचवटे झिजायला तयारच होत नाहीत. रिंग नीट न बसल्यामुळे वर चढलेलं ऑइल तिथेच करपतं आणि खाचा भरून टाकतं. बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो. यालाच बोअर ग्लेझ होणं म्हणतात. एकदा हे झालं की नंतर कोणतंही ऑइल घालून सुधारत नाही. इंजिन उघडून पुन्हा होनिंग करावं लागतं.

नुसत्या ऑइलवरही हे अवलंबून नाही. रिंग बोअरवर दाबली जाते ती मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबाने. तो दाब रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. लोड नसेल तर दाब नाही, आणि दाब नसेल तर ऑइल कितीही योग्य असो, रिंग बसत नाही.

आम्ही बांधलेलं एक डिझेल इंजिन काही महिन्यांनी निळा धूर सोडत परत आलं. मालक ते जिवापाड जपत होते. रोज सकाळी अर्धा तास न्यूट्रलला चालू ठेवायचे, आणि नव्या इंजिनाला ताण नको म्हणून भार घालायचेच नाहीत. हेड उतरवलं तर बोअरवर तपकिरी थर चढलेला, बोट सुळकन घसरत होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं आमचं काम होतं. त्यानंतर आम्ही हे पत्रक प्रत्येक इंजिनासोबत द्यायला लागलो.

कॅमला मात्र झीज अजिबात नको

कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा. पुशरॉडच्या, सपाट टॅपेटच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनात कॅमचा उंचवटा टॅपेटवर, म्हणजे कॅम आणि पुशरॉडच्या मधल्या तुकड्यावर, घासत फिरतो. सगळा भार अगदी चिमूटभर जागेवर येतो. तिथली ऑइलची फिल्म तुटली की पहिल्या वीस मिनिटांत कॅम खराब होऊ शकतो, आणि त्याचा चुरा सगळ्या इंजिनात फिरतो. इथे उपयोगी पडतं झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरस असलेलं रसायन. उष्णता आणि दाबाखाली ते धातूवर पातळ थर तयार करतं आणि धातूला धातू भिडू देत नाही.

अडचण अशी की फॉस्फरसमुळे गाडीचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत जातो. म्हणून २००४ साली आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम या ऑइलच्या दर्जापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा ग्रेडमध्ये (ग्रेड म्हणजे ऑइलचा जाडपणा) फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आजच्या इंजिनांना ते पुरतं. सपाट टॅपेटच्या नव्या कॅमला पहिल्या तासात ते कमी पडू शकतं. तुमच्या इंजिनात सपाट टॅपेट आहे की रोलर (चाक लावलेलं) टॅपेट, ते आम्ही बिलावर लिहून देतो. रोलर असेल तर कॅमची ही काळजी तुम्हाला नाही.

मग भरायचं काय

खास 'ब्रेक-इन', म्हणजे रिंगा बसायच्या काळासाठी, म्हणून मिळणारं ऑइल सगळ्यात चांगलं. त्यात झेडडीडीपी जास्त असतं, घर्षण कमी करणारी रसायनं नसतात, आणि डिटर्जंटही कमी असतं, कारण डिटर्जंट आणि झेडडीडीपी धातूवरच्या त्याच जागेसाठी भांडतात. त्यामुळेच हे ऑइल कायम वापरायचं नाही. इंजिन आतून स्वच्छ ठेवायला ते कमी पडतं.

ते मिळालं नाही तर साधं मिनरल ऑइल घ्या. ग्रेड आम्ही ठेवलेल्या बेअरिंग क्लिअरन्सप्रमाणे (बेअरिंग आणि दांड्यामधल्या फटीप्रमाणे) सांगतो, तोच घ्या. "नवं इंजिन आहे, जरा जाड घालू" हा विचार सोडा. क्लिअरन्स कमी असताना जाड ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. ब्रेक-इन ऑइलमध्ये वरून आणखी झिंकची (झेडडीडीपीची) बाटली ओतू नका. त्यातली रसायनं मोजून घातलेली असतात.

मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए (अशा क्लचसाठीचा जपानी दर्जा) लिहिलेलं पाहून घ्या, नाहीतर क्लच घसरेल.

कारखान्यातून नवी कोरी आलेल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. तिथे मॅन्युअल सांगेल तेच करा.

पहिली सुरुवात आणि नंतर

ऑइल पंप भरून, गेजवर दाब दिसल्यावरच आम्ही इंजिन तुमच्या हाती देतो. सपाट टॅपेट असेल तर पहिली २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान, कमी-जास्त करत, आम्हीच चालवतो. अशा इंजिनात कॅमला क्रँकने उडवलेलं ऑइल मिळतं आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. ते ऑइल आणि फिल्टर आम्ही तिथेच बदलतो.

रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये दमदार अ‍ॅक्सिलरेटर द्या, मग पाय काढून वेग आपोआप उतरू द्या. असं पुन्हा पुन्हा करा. वेग वाढताना रिंगा दाबल्या जातात. पेट्रोल इंजिनात पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो आणि थोडं ऑइल वर ओढलं जाऊन रिंगांजवळचा चुरा धुवून निघतो. एकाच वेगाने लांब पल्ला मारू नका, आणि सिग्नलशिवाय आयडलला उभं राहू नका. डिपस्टिक रोज पाहा. सुरुवातीला थोडं ऑइल खर्च होतं, त्याची काळजी नको. पण आठवड्याभराने हा खर्च कमी होण्याऐवजी वाढत असेल तर फोन करा.

८०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलायचे. काढलेल्या ऑइलमध्ये उन्हात चांदीसारखी बारीक चमक दिसेल. तो झिजलेल्या उंचवट्यांचा चुरा असतो. नखावर घेता येईल एवढा तुकडा किंवा पापुद्रा दिसला तर गाडी चालवू नका. जुना फिल्टर टाकून देऊ नका, आमच्याकडे आणा. आम्ही तो तुमच्यासमोर कापून, आतला कागद पसरून आणि वर लोहचुंबक फिरवून दाखवतो. पुढे कोणतं सिंथेटिक आणि कधी घालायचं, ते त्या कागदावर काय दिसतं ते पाहून ठरवू.