पुस्तकबांधणीचे व्यवसाय-प्रशिक्षण (नागपूर)

छापून आलेल्या तावांना घडी घालणे, फर्मे (घडी घातलेल्या तावांचे संच) क्रमाने जुळवणे, ते शिवणे किंवा चिकटवणे, कडा कापणे आणि शेवटी कव्हर चढवणे ही कामे शिकवणारे प्रशिक्षण. लॅमिनेशन, क्रीझिंग (घडीसाठी रेघ दाबणे), नंबरिंग, परफोरेशन (फाडण्यासाठी छिद्रांची ओळ पाडणे), डाय कटिंग (साच्याने हव्या आकारात कापणे) ही छपाईनंतरची कामेही त्यातच येतात. नागपूरच्या प्रेसमध्ये या सगळ्याला मिळून ‘बाइंडिंग’ म्हणतात.

नागपुरात या कामाची मुळे खोल आहेत. १८६१ पासून १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि शेवटी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्यामुळे इथे शासकीय मुद्रणालय उभे राहिले. राजपत्रे, अहवाल, नोंदवह्या यांची बांधणी ते करत आले. १९२३ मध्ये विद्यापीठ आले आणि प्रबंधांच्या जाड, सोनेरी अक्षरांच्या बांधणीला कायमचे गिऱ्हाईक मिळाले. इतवारी-महालातल्या व्यापाऱ्यांना दिवाळीच्या वहीपूजनासाठी लाल कापडाच्या लांबट वह्या लागत. ते काम संगणकाने खूप कमी केले, पण संपवले नाही. त्यात भर म्हणजे बल्लारपूरची कागद गिरणी याच विदर्भातली. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी प्रचंड विक्री होते, तिच्यासाठी छापलेली पुस्तकेही आधी कुठल्या तरी बाइंडरच्या हाताखालूनच जातात.

शिकण्याचे मार्ग दोन. एक कायद्याचा. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खाली ‘बुक बाइंडर’ हा मान्य व्यवसाय आहे. उमेदवार प्रेसमध्ये प्रत्यक्ष काम करतो, विद्यावेतन घेतो आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवतो. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून त्या विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. मुद्रणाची पदविकाच हवी असेल, तर मुंबईची शासकीय मुद्रणतंत्र संस्था हा जुना पर्याय आहे. मात्र तिथे बांधणी हा अनेक विषयांपैकी एक असतो. दुसरा मार्ग कारखान्याचा, आणि बहुतेक कारागीर त्याच वाटेने येतात. मुलगा हेल्पर म्हणून लागतो, काही महिने नुसता कागद मोजतो, घड्या घालतो, मग उस्ताद त्याच्या हाती सुई देतो. या वाटेने हात फार चांगला तयार होतो. प्रमाणपत्राचा कागद मात्र मिळत नाही, आणि पुढे सरकारी नोकरी किंवा कर्ज मागायला गेल्यावर तो कागदच आधी मागितला जातो. कारखान्यात शिकलेल्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेता आले पाहिजे, आणि ही सोय प्रेसच्या दारापर्यंत पोचली पाहिजे.

पहिला धडा कागदाच्या ग्रेनचा. कागदाचे तंतू एका दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने ताव सहज वाकतो, आडवा वाकवला तर हाताला विरोध जाणवतो. ग्रेन पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवायची. ती चुकली की पुस्तक उघडे राहत नाही, कव्हर वाकते, पाठीजवळ पानांना लाटा येतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ही चूक लपत नाही. पारा ४५ अंशांवर, हवा कोरडी ठक्क. जुलैत तोच कागद ओल पिऊन फुगतो. म्हणून इथला उस्ताद नव्या पोराला मशीन दाखवण्याआधी ताव दोन्ही बाजूंनी वाकवून बघायला लावतो.

त्यानंतर घडी आणि जुळणी. डेमी (छपाईच्या कागदाचे एक ठरावीक माप) ताव तीनदा दुमडला की १६ पानांचा फर्मा होतो. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापलेली काळी खूण थोडी थोडी खाली सरकत जाते. फर्मे नीट लागले असतील तर सगळ्या खुणांची एक तिरकी पायरी दिसते. पायरी तुटली, तर फर्मा राहिला, उलटा लागला किंवा दोनदा आला. जुन्या बाइंडरला गठ्ठ्याच्या पाठीवरून नजर फिरवली की पुरते.

मग जुजबंदी, म्हणजे फर्म्याच्या मधल्या घडीतून दोरा घेऊन केलेली शिवण. आजचे बहुतेक काम परफेक्ट बाइंडिंगचे: पाठ खरवडायची, हॉट मेल्ट (गरम करून वितळवलेला गोंद) लावायचा, कव्हर दाबायचे. काम झपाट्याने होते, पण हा गोंद उष्णतेने मऊ पडतो, थंडीत ठिसूळ होतो. मशीन आधी शिकवून शिवण ‘वेळ मिळाला तर’ शिकवण्याची पद्धत सध्या वाढते आहे. हा क्रम चुकीचा आहे. ज्याने दोऱ्याचा ताण हाताने ओळखला, त्याला गोंद कुठे धरणार नाही हे आधीच कळते.

कटिंग मशीनवर मात्र घाई नको. नव्या मशीनला दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणे असतात, म्हणजे पाते उतरताना एकही हात आत राहत नाही. काम उरकावे म्हणून एक बटण पट्टीने दाबून ठेवण्याची खोड जिथे दिसेल, तिथे मुलाला शिकायला ठेवू नये. चांगल्या कटरला मागणी मोठी, कारण त्याची एक चूक अख्खी आवृत्ती वाया घालवते.

सगळ्यात दुर्लक्षित विषय जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचा. वाचनालयांत पाठ सुटलेली पुस्तके पडून असतात आणि ती हाताळणारे हात कमी होत चालले आहेत. इथे मैद्याची खळ कामाला येते. ती मंद आचेवर सतत ढवळत शिजवतात, आणि कीड लागू नये म्हणून बाजारू कामात चिमूटभर मोरचूद घालतात. खळीने बांधलेले पुस्तक शंभर वर्षांनीही ओल्या फडक्याने पाठ भिजवून, कागद न फाडता उघडता येते आणि पुन्हा शिवता येते. पांढऱ्या गोंदाने बांधलेले पुस्तक उघडायला गेले, की पाठीबरोबर पानांचा कागदही निघून येतो.