नायट्रोजन नेमका तुटतो कुठे?

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत वजनाने ४६ टक्के, म्हणजे साडेवीस किलोंहून थोडा अधिक नायट्रोजन असतो आणि तो सगळा हवेतून घेतलेला असतो. हवेत नायट्रोजनचा वाटा सुमारे ७८ टक्के असला, तरी पिकाला तो तसाच्या तसा उपयोगी पडत नाही. त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडायला प्रत्येक मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींमधले जिवाणू हे काम विकरांच्या मदतीने जमिनीतल्या नेहमीच्या तापमानाला करतात. खत कारखान्यांत, आपल्याकडच्या थळ आणि ट्रॉम्बे येथील कारखान्यांचाही यात समावेश आहे, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून आधी अमोनिया तयार होतो आणि मग त्यापासून युरिया. जगभरातील बहुतेक अमोनिया लोखंडाच्या बारीक कणांच्या पृष्ठभागावर तयार होतो. त्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू नेमका कुठे आणि कसा तुटतो, या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात विज्ञानाची जवळजवळ शंभर वर्षे गेली. ते उत्तर प्रयोगशाळेतील मोजमाप आणि संगणकावरील गणना एकमेकींना तपासू लागल्यावरच हाती आले, म्हणून ही कथा तपशिलाने सांगण्याजोगी आहे.

जुलै १९०९ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे फ्रिट्झ हाबर यांनी बीएएसएफ कंपनीच्या प्रतिनिधींसमोर हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करून दाखवला. त्यांचा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, ऑस्मियम हा होता, पण हा धातू इतका दुर्मीळ आहे की त्याच्या भरवशावर कारखाना उभा करणे शक्य नव्हते. कार्ल बॉश यांनी उच्च दाबाच्या यंत्रणेची जबाबदारी उचलली आणि आल्विन मिटाश यांनी उत्प्रेरकाच्या शोधासाठी हजारो चाचण्या घेतल्या. अखेर लोखंडाचे ऑक्साइड, थोडे ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि थोडे पोटॅशियम असे मिश्रण निवडले गेले आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. ते मिश्रण थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. मात्र ते काम का करते, पोटॅशियमची चिमूट घातल्यावर उत्पादन का वाढते, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. निवड चाचण्यांच्या जोरावर झाली होती, कारण समजल्यामुळे नव्हे.

कारण समजण्यातली मुख्य अडचण पृष्ठभागाचीच होती. कोणत्याही घन पदार्थाच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर साधारण १००० लाख कोटी अणू असतात. ही संख्या मोठी वाटते, पण पदार्थाच्या आतील अणूंच्या तुलनेत ती इतकी क्षुल्लक आहे की नेहमीच्या विश्लेषण पद्धतींना पृष्ठभाग दिसतच नाही, दिसतो तो आतला पदार्थ. शिवाय पृष्ठभाग स्वच्छ राहत नाही. हवेचा दाब वातावरणीय दाबाच्या अब्जांशापर्यंत खाली आणला, तरी उरलेल्या वायूंचे रेणू सेकंदाभरात संपूर्ण पृष्ठभागावर एक थर चढवू शकतात. दोन-तीन तास निवांतपणे निरीक्षण करायचे, तर दाब त्याहूनही दहा हजारपट कमी करावा लागतो. अशी अतिनिर्वात पात्रे १९६० च्या दशकात प्रयोगशाळांत रुळली आणि पृष्ठभागांचे रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने मोजमापाचा विषय झाले.

या तंत्राचा अत्यंत शिस्तबद्ध वापर जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांनी केला. त्यांच्या प्रयोगांचा तपशील पाहिला की या कामाला किती चिकाटी लागते ते कळते. पोलादी पात्राच्या आतील भिंतींना चिकटलेले पाणी निघून जावे म्हणून ते संपूर्ण पात्र आधी बराच काळ तापवत ठेवावे लागते. मग नखाएवढ्या आकाराच्या एकस्फटिकी लोखंडावर आर्गॉनच्या आयनांचा मारा करून वरचे मळकट थर उडवले जातात, आणि माऱ्याने विस्कटलेले अणू पुन्हा जागेवर बसावेत म्हणून स्फटिक तापवला जातो. अशा स्वच्छ आणि सुरचित पृष्ठभागावर मोजून मापून नायट्रोजन सोडायचा आणि तेथे काय उरले ते इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने तपासायचे, असा हा प्रयोग असतो. लोखंडावर आदळणाऱ्या नायट्रोजनच्या दहा लाख रेणूंपैकी जेमतेम एखादाच तुटून तेथे टिकतो, असे त्यातून दिसले.

त्या काळी वाद असा होता की हायड्रोजनशी अभिक्रिया होते ती नायट्रोजनच्या अखंड रेणूची की सुट्या अणूची. एर्टल यांनी पृष्ठभागावरील सुट्या नायट्रोजन अणूंचे प्रमाण मोजले आणि हायड्रोजन वाढवत नेला, तसतसे ते प्रमाण घटत गेले. म्हणजे हायड्रोजन त्या सुट्या अणूंनाच उचलत होता. यावरून रेणू तुटणे ही संपूर्ण क्रियेतील सर्वांत मंद पायरी असून पुढची हायड्रोजन जोडण्याची कामे तुलनेने भराभर होतात, असे चित्र स्पष्ट झाले. पोटॅशियमचे रहस्यही याच प्रयोगांतून उलगडले. पोटॅशियम आपले इलेक्ट्रॉन लोखंडाला देते, त्यामुळे नायट्रोजनचा रेणू पृष्ठभागाला अधिक घट्ट धरला जातो आणि त्याचा बंध सैल होतो. मिटाश यांच्या हाती लागलेल्या चिमटीला साठ-पासष्ट वर्षांनी कारण मिळाले. या आणि अशाच इतर कामांसाठी एर्टल यांना २००७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांना एकट्याला दिले गेले, आणि माझ्या मते ते अगदी योग्य झाले.

लोखंड तेच असले, तरी त्याचा स्फटिक कोणत्या दिशेने कापला यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेतील बर्कली येथे गॅबर सोमोरजाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये लोखंडाच्या तीन वेगवेगळ्या पृष्ठांवर वीस वातावरणीय दाबाला अमोनिया तयार करून त्याचा वेग मोजला. १११, १०० आणि ११० या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या त्या पृष्ठांवरील वेगांचे गुणोत्तर ४१८ : २५ : १ असे निघाले. सर्वांत मंद असलेल्या ११० पृष्ठावरील अणू फळवाल्याने दाटीवाटीने मांडलेल्या संत्र्यांच्या थरासारखे असतात, तर १११ पृष्ठावर वरच्या थरातली बरीच संत्री उचलून घेतल्यावर खालच्या दोन थरांतली दिसू लागावीत, तशी उघडी रचना असते. त्या उघड्या जागांमध्ये सात शेजारी असलेले लोखंडाचे अणू वायूच्या संपर्कात येतात आणि नायट्रोजन तोडण्याचे श्रेय बहुतांशी त्यांनाच दिले जाते.

आता गणनेकडे वळू. रेणू आणि पृष्ठभाग यांच्यातील प्रत्येक गोष्ट इलेक्ट्रॉन ठरवतात आणि इलेक्ट्रॉनांचे समीकरण १९२६ पासून माहीत आहे. पण शेकडो इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असताना ते समीकरण जसेच्या तसे सोडवणे अशक्यप्राय असते. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ आणि १९६५ मध्ये दाखवून दिले की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्वतंत्र हिशेब न ठेवता, अवकाशात इलेक्ट्रॉनांची घनता कशी पसरली आहे एवढे कळले तरी सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था तत्त्वतः काढता येते. ही डेन्सिटी फंक्शनल थिअरी, आणि तिच्यासाठी कोन यांना १९९८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पृष्ठभागासाठी ती वापरताना धातूचे मोजके थर घेऊन, त्यांच्यावर मोकळी जागा सोडून, तोच तुकडा चहू दिशांना पुन्हा पुन्हा मांडला आहे असे मानतात. मग त्यावर रेणू ठेवून त्याचे अणू दूर नेताना ऊर्जा कशी बदलते ते काढतात. त्या वाटेवरची सर्वाधिक ऊर्जेची अवस्था जितकी वर, तितकी अभिक्रिया मंद.

‘तत्त्वतः’ हा शब्द मात्र येथे सोडून चालत नाही. इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचा एक भाग या सिद्धान्तात अंदाजानेच भरावा लागतो आणि तो अंदाज चुकला की उत्तर चुकते. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू प्लॅटिनमच्या १११ पृष्ठावर कुठे बसतो, हा याचा गाजलेला दाखला आहे. पृष्ठभागावर रेणू विरळ असताना तो एकाच प्लॅटिनम अणूच्या थेट माथ्यावर बसतो, असे प्रयोगांनी वेगवेगळ्या पद्धतींनी ठरवलेले होते. गणना मात्र तो तीन अणूंच्या मधल्या खळग्यात बसतो असे सांगत राहिली. २००१ मध्ये या क्षेत्रातील अनेक गटांनी एकत्र येऊन हा विरोध उघडपणे मांडला. गणना करणारेच त्यात पुढे होते, आणि आपली पद्धत एवढ्या साध्या प्रश्नावर चुकते हे त्यांनी स्वतः जाहीर केले, याचे मला फार मोल वाटते. कारण पुढे सापडले. प्रचलित अंदाजांत रेणूची रिकामी इलेक्ट्रॉनकक्षा ऊर्जेने प्रत्यक्षापेक्षा खाली येत होती, त्यामुळे धातूकडून तिच्यात जास्त इलेक्ट्रॉन शिरत आणि खळग्यातली जागा खोटीच अनुकूल ठरत असे. इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचा अधिक काटेकोर, आणि म्हणूनच कितीतरी खर्चिक, हिशेब करणाऱ्या पद्धतीने २०१० मध्ये व्हिएन्नाच्या गटाने रेणूला पुन्हा माथ्यावर आणून बसवले.

गणनेच्या अशा मर्यादा लक्षात घेतल्या, की ती प्रयोगाशी जुळली त्या प्रसंगाचे महत्त्व अधिक कळते. रुथेनियम हा अमोनियासाठी लोखंडापेक्षाही कार्यक्षम धातू आहे. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात इब कोर्केनडॉर्फ आणि येन्स नॉर्शकॉव्ह यांच्या गटांनी १९९९ मध्ये त्याच्या अगदी सपाट समजल्या जाणाऱ्या पृष्ठाचा अभ्यास केला. कोणताही स्फटिक कितीही काळजीने कापला, तरी त्यावर एका अणूच्या उंचीच्या थोड्या पायऱ्या उरतातच. सपाट भागापुढे त्यांची संख्या नगण्य असते, तेव्हा मोजलेला वेग सपाट भागाचाच असणार, असे मानणे स्वाभाविक होते. या शास्त्रज्ञांनी पृष्ठभागावर सोन्याचा अत्यल्प अंश चढवला. एका पूर्ण थराला लागेल त्याच्या फक्त एक-दोन टक्के एवढेच ते सोने होते. तापवल्यावर सोन्याचे अणू सरकत सरकत पायऱ्यांच्या कडेला जाऊन बसतात आणि पायऱ्या झाकल्या जातात. तसे होताच नायट्रोजन तुटण्याचा वेग कोसळला. पाचशे केल्व्हिन तापमानाला पायऱ्यांवरचा वेग सपाट भागापेक्षा किमान शंभर कोटी पटींनी अधिक असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच लेखात गणनाही होती, आणि दोन्ही जागांच्या सक्रियण ऊर्जेत, म्हणजे रेणू तुटण्यासाठी ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या चढात, दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक असल्याचे तिने दाखवले. पायरीपाशी सुटे होणारे दोन नायट्रोजन अणू धातूच्या एकाच अणूवर भार टाकत नाहीत, त्यांना वेगवेगळे आधार मिळतात, हे त्यामागचे कारणही गणनेनेच पुरवले. प्रयोगाने वेग कोसळल्याचे दाखवले, पण पायरीवर अणूंची मांडणी कशी होते ते त्याला दिसत नव्हते. गणनेला ती मांडणी दिसत होती, पण प्रत्यक्ष पृष्ठभागावर पायऱ्यांचाच वरचष्मा आहे हे तिला एकटीला सिद्ध करता आले नसते.

यातून पुढे दोन मोठी कामे झाली. रुथेनियमच्या प्रत्यक्ष उत्प्रेरकातील कणांवर अशा पायऱ्या किती असतील याचा अंदाज घेऊन डॅनिश संशोधकांनी २००५ मध्ये अमोनिया तयार होण्याचा वेग केवळ गणनेने काढला. तो मोजलेल्या वेगापेक्षा ३ ते २० पटींनी वेगळा निघाला. बाहेरच्या माणसाला हे अपयश वाटेल, पण सक्रियण ऊर्जेतील बारीकशा चुकीनेही वेग हजारो पटींनी बदलतो, हे ध्यानात घेतले तर ही जवळीक विलक्षण आहे. दुसरे काम २००१ मधले. चांगल्या उत्प्रेरकाने नायट्रोजनला इतपत धरावे की तो तुटेल, पण इतके घट्ट नाही की तुटलेले अणू तिथेच अडकून जागा व्यापतील. मॉलिब्डेनम फार घट्ट धरतो आणि कोबाल्ट फार सैल. मग दोघांना एकत्र आणले तर पकड मधली मिळेल, असे गणनेने सुचवले आणि कोबाल्ट-मॉलिब्डेनम नायट्राइडने प्रयोगात खरोखरच उत्तम वेग दिला. मिटाश यांना जिथे हजारो चाचण्या कराव्या लागल्या होत्या, तिथे या वेळी नाव आधी कागदावर आले.

तरीही वर सांगितलेली बहुतेक मोजमापे निर्वात पात्रातली किंवा कमी दाबाची आहेत, तर कारखान्यातील भट्टी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि शंभराहून अधिक वातावरणीय दाब यांवर चालते. ही दरी दोन्ही बाजूंनी बुजवण्याचे प्रयत्न अलीकडे झाले. मिकेले पारिनेल्लो यांच्या गटाने २०२३ मध्ये यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) साहाय्याने लोखंडाच्या १११ पृष्ठाच्या हालचालीचे संगणकावर दीर्घ अनुकरण केले. कारखान्यातील तापमानाला तेथील अणू जागेवर स्थिर राहतच नाहीत आणि नायट्रोजन तोडणाऱ्या त्या उघड्या जागा सतत मोडतात व नव्याने तयार होतात, असे त्यात दिसले. दुसरीकडे स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी हॅम्बुर्ग येथील सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर, अभिक्रिया चालू असतानाच पृष्ठभागाचे क्ष-किरण विश्लेषण केले आणि त्यासाठी एक बार, म्हणजे जवळजवळ एक वातावरणीय, दाबापर्यंत मजल मारली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांत लोखंड आणि रुथेनियम दोन्ही धातुरूपातच राहिल्याचे आढळले. रुथेनियमचा पृष्ठभाग जवळजवळ मोकळा होता, म्हणजे तेथे नायट्रोजन तुटणे हाच अडसर. लोखंडावर मात्र, विशेषतः तापमान कमी केल्यावर, हायड्रोजन अर्धवट जोडलेले नायट्रोजनचे अंश साचलेले दिसले. सौर किंवा पवनविजेवर मिळवलेला हायड्रोजन वापरून कमी तापमानाला चालणारे छोटे अमोनिया संयंत्र उभारू पाहणाऱ्यांना या निरीक्षणाची दखल घ्यावीच लागेल, कारण तशा परिस्थितीत लोखंडापुढची अडचण नायट्रोजन तोडण्यापुरती उरत नाही, तयार होत आलेला अमोनिया पृष्ठभागावरून वेळेत सोडवणे हीही तितकीच मोठी अडचण ठरते.