‘सिनर्जी’ म्हणजे नेमके काय? रक्ताच्या कर्करोगातील जोडऔषधांची पार्श्वभूमी

१९६०च्या दशकात मुलांच्या ल्युकेमियासाठी चार औषधे एकत्र देण्याचे धाडस झाले, तेव्हा पेशी मरते कशी, यावर फारसा खल झाला नव्हता. एका औषधाला न जुमानणारी पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडेल आणि दुष्परिणाम वेगवेगळे असल्याने डोस कापावे लागणार नाहीत, एवढाच हिशेब होता. ‘अ‍ॅपॉप्टॉसिस’ हे पेशीच्या आपणहून मरण्याला दिलेले नाव १९७२चे. बीसीएल-२ हे प्रथिन पेशींची संख्या वाढवत नाही, तर त्यांना मरू देत नाही, हे १९८८मध्ये कळले.

बीसीएल-२ला अडवणाऱ्या सुरुवातीच्या एका गोळीने प्लेटलेट्सच घसरत, कारण ती प्लेटलेट्सना जगवणाऱ्या बीसीएल-एक्सएल या प्रथिनालाही रोखी. फक्त बीसीएल-२ला धरणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेही सीएलएल या सावकाश वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या एका अवघड प्रकारापुरते. एएमएल या झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात ते एकटे दिल्यावर ३२ रुग्णांपैकी जेमतेम १९ टक्क्यांना गुण आला. मग अ‍ॅझासिटिडीन या दुसऱ्या औषधाची जोड मिळाली, आणि ‘सिनर्जी’, म्हणजे एकत्र दिल्यावर अपेक्षेहून जास्त परिणाम, हा शब्द सर्रास वापरात आला.

घोळ इथेच आहे. समजा, एक औषध शंभरातल्या ४० पेशी मारते, दुसरे ३०. दोघे स्वतंत्रपणे काम करतात असे धरले, तर एकूण ५८ मरायला हव्यात. त्याहून जास्त मेल्या तरच सिनर्जी. हे गणित १९३९चे, विषांच्या अभ्यासातून आलेले. पण एकच औषध दोन बाटल्यांत विभागून दिले, तर या गणिताने ते कधीकधी स्वतःचेच साथीदार ठरते! १९२६ची डोसवर आधारलेली पद्धत ही पंचाईत टाळते, पण दोन्ही औषधांचा रोख वेगळा असला की तिचेच गृहीतक डळमळते. तेव्हा कोणती पद्धत वापरली हे न सांगता सिनर्जीचा दावा करणारा आलेख मला तरी अर्धवट वाटतो.

प्रयोगशाळेतले कारण पटण्यासारखे आहे: बीसीएल-२ अडवल्यावर पेशी एमसीएल-१ या तशाच प्रथिनाच्या आधाराने तगते आणि अ‍ॅझासिटिडीन नॉक्सा या प्रथिनामार्फत तो आधार ढिला करते. एएमएलच्या ४३१ रुग्णांच्या चाचणीत जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) नुसत्या अ‍ॅझासिटिडीनच्या ९.६ वरून जोडीने १४.७ महिन्यांवर गेला. हा फायदा खराच, पण त्या चाचणीत व्हेनेटोक्लॅक्स एकटे दिलेला गट नव्हता. मग सिनर्जी की नुसती बेरीज, हे त्या आकड्यांवरून ठरवायचे कसे? २०१७मधल्या एका विश्लेषणाने तर दाखवले, की अनेक जोडऔषधांचा फायदा प्रत्येक रुग्णाला दोनपैकी एक तरी लागू पडते, एवढ्यानेच समजावता येतो.

मायलोमा या रक्ताच्या आणखी एका कर्करोगात किंमत मोजावी लागली. व्हेनेटोक्लॅक्स आणि बोर्टेझोमिब हे मायलोमाचे औषध यांच्या जोडीने आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, पण मृत्यू वाढले, त्यात जंतुसंसर्गाचे बरेच. मार्च २०१९मध्ये मायलोमातल्या चाचण्यांत नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. फायदा दिसला तो मुख्यतः ११ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल झालेल्यांत. फक्त अशाच रुग्णांवर व्हेनेटोक्लॅक्स आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अजमावणारी पुढची चाचणीही २०२३मध्ये आपल्या मुख्य निकषावर उतरली नाही.