अकॉर्डियनची निवड : आकार आणि दर्जा

अकॉर्डियन हे भात्याच्या हवेने कंप पावणाऱ्या मुक्त रीडचे (स्वर काढणाऱ्या धातूच्या पातळ जिभांचे), खांद्यांवरच्या पट्ट्यांच्या आधाराने छातीशी धरून वाजवायचे वाद्य आहे. वाजवताना त्याचे वजनही वादकालाच पेलावे लागते, त्यामुळे निवडीच्या वेळी आकार आणि दर्जा यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. आकार वादकाच्या शरीरयष्टीवर आणि त्याला वाजवायच्या संगीतावर अवलंबून असतो, तर दर्जा रीड, भाता आणि आतील यंत्रणा यांवर. व्यवहारात मात्र वाद्याची ओळख डाव्या हाताच्या बटणांच्या संख्येने, म्हणजे ४८ बेस, ७२ बेस किंवा १२० बेस अशी सांगितली जाते आणि तीच संख्या दर्जाचेही माप मानली जाते. हा समज चुकीचा आहे.

सिरिल डेमियन याने १८२९ मध्ये व्हिएन्नात पेटंट घेतलेल्या वाद्याला बोटांनी दाबायच्या पाचच पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर भाता उघडताना एक व मिटताना दुसरी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, वाजत असे. आजच्या पियानो अकॉर्डियनमध्ये, म्हणजे उजव्या हाताला पियानोसारख्या पट्ट्या असलेल्या प्रकारात, ४८ बेसच्या वाद्याला बहुधा २६, ७२ बेसच्या वाद्याला ३४, ९६ बेसच्या वाद्याला ३७ आणि १२० बेसच्या वाद्याला ४१ पट्ट्या असतात. ४१ पट्ट्यांमध्ये सव्वातीन सप्तकांहून किंचित अधिक पल्ला मिळतो.

डाव्या बाजूच्या प्रचलित रचनेला स्ट्रॅडेला पद्धत म्हणतात. तिच्यात बटणांच्या तिरप्या ओळी असतात आणि शेजारच्या दोन ओळींचे मूळ स्वर एकमेकांपासून पंचमाच्या अंतरावर असतात. पूर्ण ओळीत सहा बटणे येतात : मूळ स्वराला षड्ज मानल्यास त्याचा शुद्ध गंधार, नंतर तो मूळ स्वर आणि पुढे त्याच्या मेजर, मायनर, सेव्हन्थ व डिमिनिश्ड कॉर्ड. १२० बेसच्या वाद्यात अशा २० ओळी असतात, तर ७२ बेसच्या वाद्यात १२. सप्तकात मुळात बाराच स्वरस्थाने असल्यामुळे ७२ बेसमध्येच प्रत्येक स्वराच्या चारही कॉर्ड येऊन जातात. १२० बेसमधील उरलेल्या ८ ओळी तेच स्वर दुसऱ्या टोकाला पुन्हा उपलब्ध करून देतात, ज्यामुळे दूरच्या स्वरपट्टीत वाजवताना हाताला लांब उडी घ्यावी लागत नाही. ही सोय प्रगत वादकाला मोलाची असली, तरी तिच्यामुळे एकही नवी कॉर्ड मिळत नाही. ४८ बेसच्या वाद्यात ओळी बहुधा १२ असतात, पण प्रत्येक ओळीत चारच बटणे असल्यामुळे काही कॉर्ड वगळलेल्या असतात. कोणत्या वगळल्या आहेत हे निर्मात्यानुसार बदलते आणि ते प्रत्यक्ष बटणे दाबूनच पाहावे.

वजन वाढते ते प्रामुख्याने रीडमुळे. एकाच पट्टीला रीडचे एकाहून अधिक संच जोडलेले असू शकतात आणि अशा प्रत्येक संचाला आवाज म्हणतात. प्रत्येक पट्टीच्या प्रत्येक आवाजासाठी भाता उघडतानाची एक आणि मिटतानाची एक अशा दोन रीड लागतात, म्हणून ४१ पट्ट्यांच्या, चार आवाजांच्या वाद्यात केवळ उजव्या बाजूला ३२८ रीड असतात. दोन आवाजांचे ४८ बेसचे वाद्य साधारण ५ किलोग्रॅम भरते, तर चार आवाजांचे १२० बेसचे वाद्य १० ते १२ किलोग्रॅमपर्यंत जाते.

शरीराशी जुळणी बसून तपासतात. वाद्याचा भार मुख्यतः डाव्या मांडीवर यावा, उजव्या बाजूचे खालचे टोक उजव्या मांडीच्या आतल्या अंगाला टेकावे आणि हनुवटी वाद्याच्या वरच्या कडेला न अडता मोकळी राहावी. अशा स्थितीत डावा हात बटणांच्या दोन्ही टोकांपर्यंत पोहोचला पाहिजे आणि उजवे मनगट फारसे मुडपता कामा नये. बुटक्या किंवा आखूड धडाच्या प्रौढाला ३७ पट्ट्यांचे वाद्य बरे पडते, अथवा ४१ पट्ट्याच पण अरुंद असलेले. नेहमीच्या ४१ पट्ट्यांची रुंदी ४८ ते ४९ सेंटीमीटर असते, तर अरुंद प्रकारात ती ४५ सेंटीमीटरच्या आसपास येते. जाड बोटे मात्र अशा वाद्यातील काळ्या पट्ट्यांमध्ये अडकतात. थोड्या जागेत मोठा पल्ला हवा असल्यास उजव्या हातालाही बटणे असलेले क्रोमॅटिक अकॉर्डियन हा पर्याय आहे, परंतु त्याची बोटांची पद्धत संपूर्ण वेगळी असल्याने पियानोची सवय तेथे कामी येत नाही. लहान मुलाला ‘पुढे वापरता येईल’ म्हणून मोठे वाद्य देऊ नये. भाता ओढण्यातच त्याची शक्ती संपते आणि बसण्याची चुकीची ढब कायमची लागते.

दर्जाचा गाभा रीडमध्ये असतो. पोलादी जीभ धातूच्या पट्टिकेवरील फटीत जितकी नेमकी बसते तितकी हवा कमी वाया जाते, आणि अगदी हलक्या दाबालाही स्वर उठतो. इटालियन परंपरेत रीडच्या ढोबळ श्रेणी मानल्या जातात : यंत्राने बनवलेल्या, हातच्या धर्तीवर बनवलेल्या ‘तिपो आ मानो’ आणि हाताने घडवलेल्या ‘आ मानो’. वरच्या श्रेणीतील रीडचा खरा लाभ मोठ्या आवाजात नसून मंद आणि मोठ्या आवाजांमधील अंतरात असतो. नाव पाहून दर्जा ठरवणे धोक्याचे आहे, कारण होनरसारख्या एकाच जर्मन कंपनीने विद्यार्थ्यांसाठीची साधी वाद्येही काढली आणि मोरिनो व गोला ही उच्च श्रेणीची वाद्येही. इटलीतील कास्तेलफिदार्दो आणि जर्मनीतील क्लिंगेनथाल या जुन्या केंद्रांच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी.

काही महागड्या वाद्यांत खर्जाच्या आणि एका मधल्या आवाजाच्या रीड लाकडी कप्प्यात आडव्या बसवतात. त्याला कासोत्तो म्हणतात. त्याने स्वर गोल होतो व वजनही वाढते. दोन मधल्या आवाजांत मुद्दाम ठेवलेला सूक्ष्म फरक, ज्यातून लहरता स्वर उमटतो, ही मात्र दर्जाची नव्हे तर आवडीची बाब आहे. नंतर तो बदलायचा तर त्या आवाजाच्या सर्व रीड पुन्हा सुरात लावाव्या लागतात, म्हणून खरेदीपूर्वीच तो ऐकून ठरवावा.

वापरलेल्या वाद्याची परीक्षा भात्यापासून सुरू होते. भात्याचे बंद सोडून, कोणतीही पट्टी न दाबता वाद्य उभे धरले असता खालचा भाग अगदी सावकाश उतरला पाहिजे. तो झपकन खाली आला तर हवा गळते आहे. त्यानंतर प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक बटण भाता उघडताना व मिटताना, रजिस्टर (कोणते आवाज वाजावेत ते निवडणारी कळ) बदलून, एकेका आवाजात वाजवून पाहावे, कारण सर्व आवाज एकत्र लावले की एखादी बेसूर रीड सहज लपून जाते. रीड लाकडी ठोकळ्यांवर मेण व राळ यांच्या मिश्रणाने बसवलेल्या असतात. हे मिश्रण कालांतराने ठिसूळ होते, चामड्याच्या झडपा वळतात आणि दमट जागी ठेवलेल्या वाद्यातील पोलादावर गंज चढतो. कुबट वास हा या शेवटच्या दोषाचा सर्वात स्वस्त पुरावा होय. सर्व रीड काढून नव्याने मेणात बसवणे व सुरात लावणे हे दीर्घ आणि खर्चिक काम असल्यामुळे, चकचकीत पण दुर्लक्षित १२० बेसपेक्षा नीट राखलेले ७२ बेसचे वाद्य बहुतेकदा प्रत्यक्षात स्वस्त पडते.