सामनबरोबर रेड वाइन कशी काय? ऑरेगनच्या पिनो न्वारमागची गोष्ट

माशाबरोबर व्हाइट आणि मांसाबरोबर रेड, हे वाइन न पिणाऱ्यांनीही कुठेतरी ऐकलेलं असतं. पण अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये, विलॅमिट व्हॅलीत, सामन मासा समोर आला की शेजारी बिनधास्त रेडचा ग्लास येतो, पिनो न्वार या द्राक्षाच्या वाइनचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

याचं मूळ तिथल्या थंडीत आहे. १९६० च्या दशकात या खोऱ्यात चांगली वाइनची द्राक्षं होतील असं जाणकारांना वाटत नव्हतं, थंडी फार, त्यात शरद ऋतूत नेमका तोडणीच्या वेळी पाऊस. डेव्हिड लेट हा खरंतर दातांचा डॉक्टर व्हायला निघालेला पोरगा, वाटेत कॅलिफोर्नियातल्या नापामध्ये वाइनच्या नादाला लागला आणि तिथल्याच डेव्हिसच्या विद्यापीठात जाऊन रीतसर शिकला. तिथल्या प्राध्यापकांनी नको म्हणून सांगितलं तरी १९६५ मध्ये हा द्राक्षांची सुमारे ३,००० कलमं घेऊन ऑरेगनला पोचला, पुढच्या वर्षी विलॅमिट खोऱ्यातल्या डंडीच्या टेकड्यांवरच्या लाल मातीत ती लावली. (दक्षिण ऑरेगनमध्ये रिचर्ड सॉमरने त्याच्याही आधी पिनो लावली होती, ते श्रेय त्याचं त्याला द्यायलाच हवं.) लेटचं म्हणणं असं की पिनोला गरम हवेत घाईने पिकवलं की आंबटपणा जातो आणि वासही जातो, ती जेमतेम पिकेल अशाच जागी लावायची, म्हणजे ज्या थंडीमुळे सगळे नको म्हणत होते तीच त्याला हवी होती.

त्याची वायनरी पण कशी, तर जवळच्या मॅकमिनव्हिल गावातला टर्की पक्ष्यांच्या मांसाचा जुना कारखाना! १९७० ची पहिली पिनो इतकी फिकट निघाली की त्याने लेबलवर पिनो न्वार न लिहिता 'ऑरेगन स्प्रिंग वाइन' लिहिलं.

मग १९७९ मध्ये पॅरिसला गो-मियो या फ्रेंच मासिकाने वाइनचं ऑलिम्पिक भरवलं आणि लेटच्या वायनरीची, आयरी व्हिनयार्ड्सची, १९७५ ची पिनो पहिल्या दहात आली. पिनोचं माहेर म्हणजे फ्रान्समधला बरगंडी, तिथला बडा वाइन व्यापारी रोबेर द्रुएँ, त्याला काही हे पटेना, त्याने पुढच्या वर्षी स्वतःच्या चांगल्या वाइन्स उतरवून बरगंडीतल्या बोन गावात पुन्हा सामना लावला. पहिली त्याचीच आली, १९५९ ची शांबोल-म्युसिन्यी, पण लेटची दुसरी, आणि फरक फक्त ०.२ गुणांचा! बरं, द्रुएँ नुसता चडफडत बसला नाही, १९८७ मध्ये त्याच डंडीच्या टेकड्यांवर त्याने जमीन घेतली आणि वाइन करायला मुलीला, व्हेरोनिकला, बसवलं. हरल्यावर (म्हणजे जवळजवळ हरल्यावर) असं वागणारी माणसं मला आवडतात.

आता सामन. पिनोची साल पातळ, त्यामुळे टॅनिन (म्हणजे सालीतून येणारा तुरटपणा) कमी, आणि थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकलेला. टॅनिनवाली जाड रेड तेलकट माशाबरोबर घेतली की तोंडात पत्रा चाटल्यासारखी चव येते, पिनोत तो त्रास कमी, उलट तिचा आंबटपणा सामनची चरबी कापतो, लिंबू पिळल्यावर होतं ना तसंच. १९८७ पासून मॅकमिनव्हिलला पिनोचा मोठा मेळा भरतो, त्यात सामनचे मोठे तुकडे आल्डर झाडाच्या काठ्यांना अडकवून त्या काठ्या लांबलचक जाळाच्या कडेने उभ्या करतात, ही मूळची तिथल्या आदिवासींची पद्धत. चरबी वितळून थेंब थेंब निखाऱ्यावर पडते, कडा करपतात, धुराचा वास बसतो, आणि त्या करपलेल्या कडेबरोबरच पिनोतली चेरीसारखी चव उठून दिसते. नुसत्या उकडलेल्या सामनबरोबर ती मजा नाही, तिथे व्हाइटच बरी.

बाकी जोड्याही त्याच मातीतल्या. शँटरेल मशरूम पाऊस पडला की तिथल्या जंगलात उगवतात, लोण्यात परतले की जुन्या पिनोतल्या ओल्या पानांसारख्या वासाशी मस्त जमतात. बदक तर चालतंच. तिखटजाळ काही मात्र नको, नाजूक वाइन आहे, पार झाकून जाते. आणि ग्लासात ओतायच्या आधी बाटली वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, कोमट पिनो माशाबरोबर नुसती दारूच लागते.